शेवट नसलेली शिक्षा: पार्चमनच्या ‘युनिट ३२’चे प्रकरण

मे २००७. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या पार्चमन तुरुंगात, युनिट ३२ नावाच्या विभागात, एका कैद्याला हाताने बनवलेल्या भाल्याने भोसकून मारण्यात आले. जूनमध्ये तिथेच एकाने आत्महत्या केली. जुलैत पुन्हा भोसकाभोसकी. ऑगस्टमध्ये विरुद्ध टोळीतल्या माणसाने आणखी एकाचा जीव घेतला.

चार महिन्यांत एवढे सगळे घडले ती काही गच्च भरलेली बराक नव्हती. ती राज्यातली सर्वांत कडक बंदोबस्ताची जागा होती. प्रत्येक कैदी स्वतंत्र कोठडीत, दिवसाचे तेवीस तासांपर्यंत कुलपाआड. बाहेर काढायचे तर बेड्या घालून आणि सोबत रक्षक देऊन. माणूस माणसाच्या हाताला लागणारच नाही, या हिशेबाने बांधलेल्या इमारतीत माणसे मारली जात होती.

अशा वेळी तुरुंग खाते काय करते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उरलेला एक तासही काढून घेतात, भेटी बंद करतात, झडत्या वाढवतात. मिसिसिपीने त्या वर्षी उलटे केले. बहुतेकांच्या कोठड्या रोज काही तास उघडू लागल्या, बास्केटबॉलचे मैदान झाले, एकत्र बसून जेवायची सोय झाली. हिंसाचार घटला. २०१० मध्ये तर ती इमारतच रिकामी करून बंद करता आली.

ही गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली गेली की तिचा सुविचार होऊन बसला: माणसाला माणसासारखे वागवा, तो माणसासारखा वागेल. सुविचाराशी माझे भांडण नाही. पण तो लावला की प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग झाकला जातो. शिक्षा कडक होती की मऊ, याहून मला इथे महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या शिक्षेला शेवट होता का, आणि तो शेवट कोठडीत बसलेल्या माणसाला दिसत होता का.

पट्ट्यापासून कोठडीपर्यंत

पार्चमन म्हणजे मिसिसिपीचे जुने, मुख्य कारागृह. डेल्टाच्या सपाट कापूसपट्ट्यात, सनफ्लॉवर काउंटीत, ते सुमारे अठरा हजार एकरांवर पसरले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याने ही जमीन घेतली ती कैद्यांकडून शेती करून घ्यायला. पगारी रक्षक मोजकेच असत. निवडक कैद्यांच्या हातात बंदुका देऊन त्यांच्याकडूनच बाकीच्यांवर पहारा करवला जाई, आणि शिस्त लावायला एक रुंद चामडी पट्टा असे. त्याला ‘ब्लॅक ॲनी’ म्हणत. १९७२ मध्ये ‘गेट्स विरुद्ध कॉलियर’ खटल्यात न्यायाधीश विल्यम कीडी यांनी तिथला कारभार राज्यघटनेत बसत नसल्याचा निकाल दिला, आणि बंदूकधारी कैद्यांची पद्धत मोडीत निघाली.

मारणे बंद झाले की शिस्तीसाठी हातात उरते काय? भेटी, फोन, कॅन्टीन, शिक्षेत मिळणारी सूट, आणि सगळ्यांत शेवटी वेगळी कोठडी. १९९० मध्ये सुरू झालेले युनिट ३२ हे त्या शेवटच्या साधनाचे अवाढव्य रूप होते: सुमारे हजार कोठड्या. त्या काळात अमेरिकेत एकामागून एक राज्यांनी अशा ‘सुपरमॅक्स’ इमारती उभ्या केल्या. युक्तिवाद सगळीकडे सारखा. सर्वांत वाईट वागणारे मूठभर लोक बाजूला काढले की उरलेला तुरुंग शांत होईल, आणि त्यांची गत पाहून इतरांना जरब बसेल. मूठभर म्हणता म्हणता मिसिसिपीत ते हजार झाले. कोठड्या बांधल्या की त्या भरतात. हे तुरुंगशास्त्रातले बहुधा सगळ्यांत खात्रीचे निरीक्षण असावे.

आता एक कायदेशीर बारकावा, कारण पुढचे सगळे त्यावर फिरते. एकांतवास दोन वाटांनी वाट्याला येतो. पहिली वाट शिस्तभंगाच्या शिक्षेची. कैद्याने काही केले, त्याच्यावर नियमभंगाचा अहवाल लिहिला गेला, सुनावणी झाली, अमुक दिवसांची शिक्षा मिळाली. १९७४ च्या ‘वूल्फ विरुद्ध मॅकडॉनेल’ निकालाने अशा सुनावणीसाठी किमान काही गोष्टी बंधनकारक केल्या: कैद्याची सूट जाण्यासारखा गंभीर आरोप असेल तर निदान चोवीस तास आधी लेखी सूचना, कोणत्या पुराव्यावर निर्णय घेतला याची लेखी नोंद, आणि सुरक्षेला बाधा येत नसेल तिथे साक्षीदार बोलावण्याची मुभा. दुसरी वाट ‘प्रशासकीय’ विलगीकरणाची. इथे प्रश्न काय केले हा नसतो, हा माणूस पुढे काय करेल हा असतो. कागदोपत्री ही शिक्षा नाहीच, ती खबरदारी. म्हणून तिला मुदतही नाही.

कोठडी तीच, कुलूप तेच, तेवीस तास तेच. फरक एवढाच की पहिल्या माणसाला आपण कधी सुटणार हे माहीत असते. युनिट ३२ मधले बहुसंख्य दुसऱ्या वाटेने आलेले होते. काही खरोखर धोकादायक होते, काही टोळ्यांचे म्होरके. बरेच जण मात्र कधीकाळी कुठल्या तरी यादीत चढले आणि उतरायचे राहून गेले, असे. मानसिक आजार असलेलेही त्यांत पुष्कळ. अमेरिकी तुरुंग अधिकाऱ्यांच्या बोलण्यात एक भेद नेहमी येतो: ज्यांची आपल्याला भीती वाटते ते वेगळे, आणि ज्यांचा आपल्याला राग येतो ते वेगळे. एकांत कोठडी पहिल्यांसाठी असते आणि भरते मात्र दुसऱ्यांनी.

आतले गणित

कोठडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. भेटी जवळपास नाहीत, काम नाही, शिक्षण नाही, सोबत नाही. आज चांगले वागलो तर काय मिळेल? काही नाही, सुटकेची तारीखच नाही. वाईट वागलो तर काय जाईल? तेही काही नाही. शिस्तीची सगळी शक्ती काहीतरी गमावण्याच्या भीतीत असते, आणि या इमारतीने ती भीती पहिल्याच दिवशी खर्च करून टाकलेली.

१९५० च्या दशकात न्यू जर्सीच्या एका कडक तुरुंगाचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाने हे दुखणे नेमके पकडले होते. रक्षकाकडे वरवर पाहता सर्वंकष सत्ता असते, पण ती आतून पोकळ असते. ज्याच्याकडून आधीच सगळे काढून घेतले आहे त्याला आणखी शिक्षा देऊन वेगळे काही जाणवत नाही. बक्षिसे देऊन वळवावे म्हटले, तर चांगल्या वागणुकीबद्दलची सूट आत येतानाच हिशेबात धरून टाकलेली. पुढे ती फक्त कापता येते, कमावता येत नाही. मग रोजचा दिवस ढकलायला रक्षक कैद्यांशी छोटे छोटे सौदे करू लागतात. साध्या बराकीत निदान सौद्याला जागा असते. एकांत कोठडीच्या दारावरच्या फटीतून सौदा तरी कसला करणार?

त्या फटीतून मग वेगळ्याच गोष्टी घडतात. जेवणाचे ताट परत द्यायचे नाही. हात फटीत अडकवून ठेवायचा, म्हणजे झडप लावता येत नाही आणि कोणीतरी वरिष्ठ यावाच लागतो. संडास तुंबवून पाणी बाहेर सोडायचे. विष्ठा फेकायची. बाहेरून पाहणाऱ्याला हे निव्वळ विकृत वाटते. पण त्या माणसाच्या जगात दुसऱ्या माणसाला आपल्याशी बोलायला भाग पाडणारे हेच एक साधन उरलेले असते, आणि ते दर वेळी लागू पडते. कोणीतरी येतेच. मग मिरपुडीचा फवारा, चिलखत घातलेली तुकडी, कोठडीतून ओढून काढणे. नवा अहवाल. नवा अहवाल म्हणजे हा माणूस धोकादायक असल्याचा नवा पुरावा, म्हणजे मुक्काम आणखी लांब.

मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत हे चाक आणखी जोरात फिरते. ज्याला आवाज ऐकू येतात तो रात्रभर ओरडतो. ओरडणे हा नियमभंग. लक्षण अहवालात शिरताना गुन्हा होते, शिक्षेने आजार बळावतो, आणि पुढचा अहवाल त्याहून गंभीर असतो. शेजारच्या कोठडीतल्या, अजून ठाकठीक असलेल्या माणसाला झोप मिळत नाही ती वेगळीच. युनिट ३२ मध्ये मृत्युदंडाचे कैदीही होते. त्यांच्या विभागाविषयीच्या खटल्यात न्यायालयापुढे आलेले तपशील वाचले की अंगावर काटा येतो: उन्हाळ्यातली घुसमट, डासांचा सुळसुळाट, घाणीने माखलेल्या कोठड्या, आणि एका कोठडीत पाणी सोडले की शेजारच्या कोठडीतल्या संडासात मैला वर येणे. २००३ मध्ये न्यायालयाने ही स्थिती क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या, राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीचा भंग ठरवली, आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल बऱ्याच अंशी कायम ठेवला.

मृत्युदंडाच्या कैद्यांसाठी मिळालेल्या त्या निकालानंतर उरलेल्या युनिटसाठी २००५ मध्ये ‘प्रेस्ली विरुद्ध एप्स’ हा दावा दाखल झाला. त्यातले एप्स म्हणजे राज्याचे तुरुंग आयुक्त ख्रिस्तोफर एप्स. हे गृहस्थ १९८२ मध्ये पार्चमनमध्येच साधे रक्षक म्हणून लागले होते आणि २००२ पासून खात्याचे प्रमुख होते. २००६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. कागदावर बदल सुरू झाले होते, पण इमारत होती तशीच होती. मग २००७ चा तो उन्हाळा आला.

दार कसे उघडले

सुरुवात झाली फायली वाचण्यापासून. कैद्यांच्या वर्गीकरणाचे तज्ज्ञ जेम्स ऑस्टिन यांच्या मदतीने प्रत्येक कैद्याची पुन्हा छाननी झाली. एकांतात ठेवायचे असेल तर तीनांपैकी एक कारण हवे: तुरुंगात असताना केलेला गंभीर नियमभंग, टोळीतले सक्रिय आणि वरचे स्थान, किंवा बंदिस्त जागेतून पळून जाण्याचा पूर्वीचा प्रकार वा प्रयत्न. ही चाळणी लावल्यावर दिसले की हजारांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त लोकांना तिथे ठेवायला कारणच नव्हते. खात्याच्याच नियमाने पाहिले तरी नव्हते. बाहेरून मैदान आणि जेवणाची टेबले जास्त दिसतात, पण खरा बदल या फायलींत झाला.

उरलेल्यांसाठी सुटकेची पायरी ठरली. काय केले की काय मिळेल, कोणत्या टप्प्यावर किती वेळ बाहेर, आणि सामान्य बराकीत परतायचे तर नेमके काय करून दाखवायचे, हे सांगितले जाऊ लागले. कैद्याची सवलत आता त्याच्या वागण्यातून वाढू शकत होती, म्हणूनच वागण्यातून जाऊही शकत होती. रक्षकाच्या हातात प्रथमच खरी शिक्षा आली, असेही म्हणता येईल. काल मिळालेले दोन तास आज काढून घेणे, हे तेवीसाचे चोवीस तास करण्यापेक्षा कितीतरी जास्त झोंबते.

मानसिक आजाराच्या कैद्यांसाठी युनिटमध्येच वेगळा उपचार विभाग झाला. तिथे नेमलेल्या रक्षकांना मानसिक आरोग्याच्या कर्मचाऱ्यांबरोबर प्रशिक्षण मिळाले. ‘हा मुद्दाम करतोय’ आणि ‘याला होतेय’ यांतला फरक ओळखणारा माणूस दाराशी उभा असणे, हा किरकोळ वाटणारा पण मोठा बदल होता. त्या विभागातून गेलेल्यांच्या नावावरचे नियमभंगाचे अहवाल आधीच्या तुलनेत ठळकपणे घटले.

एकांतातल्या कैद्यांची संख्या हजारावरून सुमारे तीनशेवर आली. युनिटमधल्या गंभीर घटना, म्हणजे कैद्यांनी एकमेकांवर आणि कर्मचाऱ्यांवर केलेले हल्ले वगैरे, जवळपास ७० टक्क्यांनी कमी झाल्या. कर्मचाऱ्यांना बळ वापरावे लागण्याचे प्रसंगही घटले. २०१० मध्ये युनिट बंद झाले आणि राज्याचे वर्षाला पन्नास लाख डॉलरहून जास्त वाचले. जून २०१२ मध्ये एप्स यांनी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे या अनुभवाची साक्ष दिली. एकेकाळी आपणही त्याच कडक पठडीतले होतो, हे त्यांनी वृत्तपत्राशी बोलताना मोकळेपणाने मान्य केले.

आकडा कितपत पेलतो

हा ७० टक्क्यांचा आकडा २००९ मध्ये एका संशोधनपत्रिकेत आला. लेखाला लेखक बरेच आहेत, आणि गंमत म्हणजे ते दोन्ही बाजूंचे आहेत: दावा लावणारे वकील आणि त्यांचे तज्ज्ञ, तसेच दावा ज्यांच्यावर लागला त्या खात्याचे अधिकारी. एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिलेल्यांनी एका निष्कर्षाखाली सह्या करणे दुर्मीळच. पण सह्या करणारे सगळेच त्या बदलात गुंतलेले होते, हेही खरे.

शंका घ्यायला जागा आहे. २००७ चा उन्हाळा हे टोक होते, आणि टोकानंतर उतार बऱ्याचदा आपोआप येतो. तुलनेसाठी बदल न केलेले दुसरे युनिट नव्हते. चाळणी, मैदान, उपचार विभाग, प्रशिक्षण सगळे एकदमच आल्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. टोळ्यांतले लोक वेगवेगळ्या ठिकाणी पांगले याचाही परिणाम असेल. एक गोष्ट मात्र या शंकांपुढे टिकते असे मला वाटते. बाहेर पाठवलेले शेकडो लोक खरोखर तितके धोकादायक असते, तर तेच पुन्हा एकांतात परत आले असते आणि इमारत तीन वर्षांत बंद करता आली नसती.

इतर राज्यांतले अभ्यास शेजारी ठेवले की चित्र जरा स्पष्ट होते. ॲरिझोना, इलिनॉय आणि मिनेसोटा या राज्यांत सुपरमॅक्स सुरू झाल्यानंतर काय झाले हे तपासणारा अभ्यास २००३ मध्ये आला. कैद्यांनी कैद्यांवर केलेले हल्ले तिन्हीकडे कमी झाले नाहीत. कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इलिनॉयमध्ये घटले, तर ॲरिझोनात कर्मचाऱ्यांच्या दुखापती काही काळ वाढल्याच. टेक्सासमधल्या हिंसक कैद्यांवरचा २०१६ चा अभ्यास आणखी विचार करायला लावतो. तिथे थोड्या दिवसांच्या एकांतवासाने पुढच्या गैरवर्तनावर परिणाम झाल्याचे दिसलेच नाही. कमीही नाही आणि जास्तही नाही. हा निष्कर्ष कोणालाच आवडत नाही. जरबेवर विश्वास असणाऱ्यांना तो पुरत नाही, आणि एकांतवासाने माणूस लगेच बिघडतो म्हणणाऱ्यांनाही.

या अभ्यासांत एक अडचण कायमची आहे. शिक्षा झालेले आणि न झालेले कैदी मुळातच वेगळे असतात. ज्याला शिक्षा झाली तो पुढेही जास्त नियम मोडतो, यावरून शिक्षेने त्याला बिघडवले असे ठरत नाही. तो आधीपासून तसा असू शकतो. टेक्सासच्या अभ्यासाने सारख्या पूर्वेतिहासाच्या कैद्यांची तुलना करून ही अडचण बरीच कमी केली. पण तो थोड्या दिवसांच्या, शेवट असलेल्या शिक्षेविषयी आहे. युनिट ३२ मधल्या अनेकांचा हिशेब वर्षांत होता. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत सलग १५ दिवसांवरचा एकांतवास ‘प्रदीर्घ’ ठरवून निषिद्ध केला आहे.

नंतर काय झाले

इथवरचे प्रकरण प्रशिक्षणवर्गांत शिकवले जाते. पुढचा भाग सहसा गाळतात.

युनिट बंद होताना गंभीर मानसिक आजार असलेल्या कैद्यांना ईस्ट मिसिसिपी नावाच्या, खासगी कंपनी चालवत असलेल्या तुरुंगात हलवण्याचे ठरले. २०१३ मध्ये त्या तुरुंगावरच दावा लागला: एकांतवास, हिंसा, उपचारांची हेळसांड. आरोपांची यादी ओळखीची होती. २०१९ च्या शेवटी न्यायाधीशांनी तिथली तेव्हाची परिस्थिती घटनाबाह्य नसल्याचे सांगून दावा फेटाळला, पण तोवर सहा वर्षे गेली होती.

एप्स यांच्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये लाचखोरीचे आरोपपत्र आले. तुरुंगांच्या कंत्राटांसाठी ठेकेदारांकडून त्यांनी दहा लाख डॉलरहून जास्त घेतले होते. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि मे २०१७ मध्ये त्यांना १९ वर्षे ७ महिन्यांची शिक्षा झाली. युनिट ३२ मधला बदल यामुळे खोटा ठरत नाही. पण तो बदल किती थोड्या माणसांच्या खांद्यावर उभा होता हे लक्षात येते. फायली दर काही महिन्यांनी वाचायला माणूस लागतो. टप्प्याटप्प्याने बाहेर सोडायचे तर दार उघडायला, मैदानावर उभे राहायला माणूस लागतो. उपचार विभागाला तर दुप्पट. पुढच्या वर्षांत पार्चमनमध्ये रक्षकांची पदे मोठ्या संख्येने रिकामी राहिली. पगार कमी, काम जिवावरचे. माणसे नसली की सर्वांत स्वस्त उपाय एकच उरतो, तो म्हणजे सगळ्यांना आत कोंडून ठेवणे. याला ‘लॉकडाउन’ म्हणतात, आणि ती शिक्षाही नसते आणि खबरदारीही नसते.

२९ डिसेंबर २०१९ ते ३ जानेवारी २०२० या सहा दिवसांत मिसिसिपीच्या तुरुंगांत पाच कैदी मारले गेले. त्यांतले तीन पार्चमनमधले. सर्वांत वाईट अवस्था युनिट २९ ची होती. युनिट ३२ बंद झाल्यावर मृत्युदंडाचे कैदी तिथेच हलवले होते. दंगल आवरेना आणि कैद्यांना ठेवायला सुरक्षित जागा मिळेना, तेव्हा खात्याने दहा वर्षे कुलूप लावून पडलेल्या युनिट ३२ चे दार उघडले आणि कैदी आत नेले. दिवे, पाणी, गाद्या यांचा पत्ता नसल्याच्या तक्रारी आतून येऊ लागल्या. काही दिवसांतच ३७५ कैद्यांना जवळच्या एका खासगी तुरुंगात पाठवावे लागले.

संघराज्याच्या न्याय खात्याने फेब्रुवारीत चौकशी सुरू केली आणि एप्रिल २०२२ मध्ये अहवाल दिला. पार्चमनमध्ये राज्यघटनेचा भंग होत असल्याचे त्यात चार मुद्द्यांवर म्हटले आहे: कैद्यांचे एकमेकांपासून संरक्षण न करणे, मानसिक उपचारांचा अभाव, आत्महत्या रोखण्यातले अपयश, आणि चौथा मुद्दा, प्रदीर्घ एकांतवास.